ट्रॉलीची उंची कोणी ठरवायची?

शेतकरी बाईच्या प्रश्नांवर आपण गेल्या तीस-चाळीस वर्षांत पुष्कळ बोललो. समान मजुरी, रोजगार हमीच्या कामावरचे पाळणाघर, सातबाऱ्यावरचे नाव, गावातली दारू. खुरप्याची मूठ कशी असावी यावरसुद्धा शिबिरांतून चर्चा झाल्या. ट्रॅक्टरमागे जोडायच्या ट्रॉलीवर मात्र चर्चा झालेली मला आठवत नाही. ती पुरुषांची वस्तू, असे आपणही धरून चाललो. आरटीओच्या कागदावर तिचे नाव ट्रेलर, आमच्या रहिमतपूर भागात बोलताना ट्रॉली. मीही इथे ट्रॉलीच म्हणणार आहे. जड अवजारे या गावाहून त्या गावाला न्यायची असतील तर ट्रॉली कशी असावी, हे ट्रॅक्टरच्या सीटवर बसणाऱ्याने एकट्याने ठरवू नये, एवढेच मला सांगायचे आहे.

चालवणारा पुढे बसतो. पिन घातली की त्याचा आणि ट्रॉलीचा संबंध बराचसा संपतो. फाळका उघडणे, अवजार चढवणे, ते हलू नये म्हणून बांधणे, उतारावर चाकाला उटी लावणे, शेतात पोचल्यावर पुन्हा सगळे उतरवणे, ही कामे मागची माणसे करतात. आणि आमच्याकडे मागची माणसे म्हणजे बहुतेक वेळा बायका. ज्याला चढवायचे नाही त्याला हौदा किती उंच आहे हे कशाला कळेल?

आमचा बचत गट अकरा जणींचा आहे. समाजकल्याण खात्याची अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या गटांसाठी मिनी ट्रॅक्टरची योजना आहे, त्यात आम्ही अर्ज केला. गटात किमान ८० टक्के सदस्य या समाजातले हवेत, अध्यक्ष आणि सचिवही. ट्रॅक्टर ९ ते १८ अश्वशक्तीचा, सोबत कल्टिव्हेटर किंवा रोटाव्हेटर आणि ट्रेलर. आम्ही अर्ज केला तेव्हा या सगळ्याची कमाल मर्यादा साडेतीन लाख रुपये होती. त्यातले ९० टक्के, म्हणजे ३ लाख १५ हजार सरकारचे, उरलेले ३५ हजार आमचे. अकरा जणींत वाटले तर प्रत्येकी तीन हजार दोनशेच्या आसपास. ज्यांनी हे पैसे आले सोलून आणि भांगलण करून साठवले त्यांना तो आकडा केवढा वाटतो ते सांगायला नको.

आता मर्यादा ठरलेली असली की काय होते पाहा. ट्रॅक्टरची किंमत त्यातला मोठा घास घेते. रोटाव्हेटर दुसरा. उरलेल्यात जी बसेल ती ट्रॉली. दुकानदाराकडे तिन्हींचा एकच दर ठरलेला असतो आणि ट्रॉली ही जणू भाजीवर मिळणारी कोथिंबीर. आम्ही पाच जणी दुकानात गेलो होतो. सोबत अध्यक्षबाईंचा दीर होता, कारण ट्रॅक्टर तूर्त तोच चालवणार होता. दुकानदार शेवटपर्यंत त्याच्याशीच बोलला. आमच्यातल्या एकीने हौद्याची उंची विचारली तर म्हणाला, "ताई, सगळ्या ट्रॉल्या सारख्याच असतात." पदर खोचून तिने वितीने मोजायला सुरुवात केली. दुकानातल्या दोन ट्रॉल्यांत दीड वितीचा फरक निघाला.

ती मोजायला का लागली, त्याला कारण होते. आदल्या हंगामात भाड्याच्या ट्रॉलीचा दांडा दगडांवर टेकवून ठेवला होता. ट्रॅक्टर मागे आला, दांडा हाताने उचलून हुकात बसवायचा होता. दगड निसटला आणि तिच्या दोन बोटांची नखे गेली. दांड्याला पुढच्या बाजूला फिरवून वर-खाली करायचा जॅक लावलेला असेल तर हे घडत नाही. हँडल फिरवा, दांडा हवा तेवढा उचला, पिन घाला. एका बाईचे काम. ट्रॉलीच्या किमतीपुढे जॅकची किंमत किरकोळ आहे. तरी आमच्याकडच्या बहुतेक ट्रॉल्यांना तो नसतो, कारण दांडा उचलायला "माणसं असतातच की".

ट्रॉलीने न्यायचे काय, हा पहिला प्रश्न. रहिमतपूरच्या आसपास ऊस, आले, हळद, सोयाबीन, घेवडा. कोरेगाव तालुक्यातल्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे एकाच गटाला रोटाव्हेटर, पॉवर विडर, लहान मळणी यंत्र, हळद शिजवायचा कुकर, हळद पॉलिश करायचा ड्रम अशी निरनिराळी अवजारे भाड्याने देता येतात. रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या मागच्या लिफ्टवर उचलून नेता येतो हे खरे, पण मग ट्रॉली जोडता येत नाही आणि दुसऱ्या अवजारासाठी वेगळी खेप करावी लागते. डिझेलचा हिशोब करणाऱ्या गटाला ते परवडत नाही. म्हणून सगळे ट्रॉलीत. मोठ्या ट्रॅक्टरचा पाच फुटी रोटाव्हेटर साडेतीनशे-चारशे किलोच्या घरात जातो, मिनी ट्रॅक्टरचा त्याहून बराच हलका, पण हलका म्हणजे दोघींनी उचलावा इतका नव्हे.

दुसरा प्रश्न वजनाचा आणि इथे सगळे जण फसतात. ट्रॅक्टर किती ओढतो हे सगळे विचारतात. किती थांबवतो हे कोणी विचारत नाही. सपाट रस्त्यावर लहान ट्रॅक्टरही भरपूर ओढतो, त्याचे कौतुक सांगायला चालक पुढेच असतो. पण मिनी ट्रॅक्टर स्वतः पाऊण-एक टनाचा. मागे भरलेली ट्रॉली दीड-दोन टनांची असेल तर उतारावर ट्रॅक्टर ट्रॉलीला नेत नाही, ट्रॉली ट्रॅक्टरला नेते. कोरेगावहून पुसेगावकडे जाताना वर्धनगडाचा घाट लागतो. तिथून खाली येताना ब्रेक दाबला की मागचे ओझे ट्रॅक्टरला ढकलते, वळणावर दांडा आडवा होतो आणि दोन्ही मिळून कातरीसारखे मिटतात. म्हणून आम्ही गटाच्या वहीत लिहून ठेवले आहे: ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर भरलेल्या ट्रॉलीचे वजन ट्रॅक्टरच्या वजनापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाही. मग हिशोब करून पाहा. रिकामी लोखंडी ट्रॉलीच चार-पाचशे किलो. राहिले किती? रोटाव्हेटर आणि विडर ठेवले की संपले. याचा अर्थ ब्रेकची ट्रॉली हवी. ट्रॅक्टर थांबताना ट्रॉली पुढे ढकलली जाते आणि त्याच ढकलण्याने तिचे ब्रेक लागतात, अशी सोय असलेल्या ट्रॉल्या येतात. त्यासाठी चार पैसे जास्त पडले तरी द्यावेत. रंग, कडेचे नक्षीचे पत्रे, मागे लिहिलेले देवाचे नाव यांवर हौसेने खर्च होतोच.

दोन चाकी घ्यावी की चार चाकी? चार चाकी ट्रॉली आपले ओझे आपल्याच चाकांवर पेलते, ट्रॅक्टरवर भार टाकत नाही, मोठ्या मालाला ती बरी. पण ती मागे घेणे नवख्या हाताला फार अवघड जाते. पुढची चाके एकीकडे वळतात, हौदा दुसरीकडे. आमच्या गटातल्या दोघी ट्रॅक्टर चालवायला शिकत आहेत आणि बांधावरच्या अरुंद वाटेवर रोजच मागे घ्यावे लागते. त्यामुळे दोन चाकी, आणि तिचा दांडा जरा लांब. आखूड दांड्याची ट्रॉली मागे घेताना क्षणात आडवी होते, लांब दांड्याची सावकाश वळते आणि चूक सुधारायला वेळ देते. शिकणाऱ्या बाईला तो वेळ मिळायला हवा.

दोन चाकी ट्रॉलीत ओझे कुठे ठेवायचे, हे मात्र आमच्या सासवांना दुकानदारापेक्षा चांगले कळत होते. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळ होते, जू वर उचलते, बैलांच्या गळ्याला फास बसतो. फार पुढे झाले की बैलांच्या मानेवर येते. ट्रॉलीचेही तेच. ओझे आसाच्या किंचित पुढे असावे. मागे गेले तर दांडा वर उचलू पाहतो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटते, ट्रॉली शेपटी हलवू लागते. फार पुढे गेले तर ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही. आयुष्यभर गाडीत कडबा आणि शेणखत भरलेल्या बाईला हे शिकवावे लागत नाही. तिला फक्त विचारावे लागते. आणि अवजार एकदा जागेवर ठेवले की ते तिथेच राहिले पाहिजे. त्यासाठी हौद्याच्या तळाला चार कोपऱ्यांत आणि मध्ये लोखंडी कड्या जोडून घ्याव्यात, बांधायला साखळी वापरावी. सुती कासऱ्याने बांधलेला रोटाव्हेटर पहिल्याच खड्ड्यात सरकतो.

आता उंची. इथे मी थोडी रेंगाळणार आहे.

मोठ्या चाकांवर बसवलेला हौदा छातीपर्यंत येतो. धान्याची पोती, ऊस, वाळू भरायला तो चालतो असे म्हणतात. "चालतो" म्हणजे कोणाला चालतो? ऊसतोडीत पाहा. बैलगाडीने वाहतूक करणाऱ्या टोळ्यांना गाडी सेंटर म्हणतात, आणि डोक्यावरून मोळ्या वाहून ट्रक-ट्रॉली भरणाऱ्यांना डोकी सेंटर. नावच डोकी. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, उचल नवऱ्याच्या हाती जाते आणि मोळी घेऊन फळीवर चढायला दोघेही असतात. ट्रॉलीत ऊस जसजसा रचला जातो तसतशी फळी उभी होत जाते. गरोदर बाई तीच फळी चढते, पाळीच्या दिवसांत तीच फळी चढते. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला सरकारला समिती नेमावी लागली. त्या दुखण्याची कारणे अनेक आहेत आणि ट्रॉलीची उंची हे एकमेव कारण आहे असे मी म्हणणार नाही. पण रोज वाहायच्या ओझ्याचा आणि ते किती उंच चढवायचे याचा बाईच्या शरीराशी संबंध नाही असे कोणी सांगू लागला तर त्याच्या डोक्यावर एक मोळी द्यावी आणि फळी दाखवावी. स्त्रियांनी उचलायचे ओझे पुरुषांच्या मानाने बरेच कमी असावे, असे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ सालच्या करारात म्हटले आहे. बांधावर तो करार कोणी वाचून दाखवत नाही.

म्हणून अवजारांसाठी घ्यायची ट्रॉली बुटकी हवी. चाके लहान, हौदा मांडीच्या उंचीचा, मागचा फाळका असा की तो खाली टेकवला की उतरण व्हावी. किंवा दोन स्वतंत्र पन्हाळी, ज्यांवरून चाके चढवता येतील. हौदा तीन फूट उंच असेल आणि उतरण नऊ फूट लांब असेल, तर चाकांचे अवजार वर ओढायला त्याच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा जोर लागतो, वर घर्षण. उतरण सहा फुटांची केली की तो निम्म्यावर जातो. दुकानात मिळणारी उतरण आखूडच असते, कारण ती गुंडाळून ठेवायला सोपी. त्यावर हौद्याच्या पुढच्या बाजूला हाताने फिरवायचा विंच बसवला की तीन-चारशे किलोचे यंत्र एक बाई सावकाश वर घेते. तिथे चार पुरुषांना हाक मारावी लागत नाही आणि त्यांच्या सवडीची वाट पाहत दिवस जात नाही. बुटक्या ट्रॉलीचा तोटाही सांगते. नांगरटीच्या ढेकळांत आणि पावसाळ्यात ती टेकते. आम्ही तो पत्करला, कारण आमची ट्रॉली बांधापर्यंत जाते, शेतात ट्रॅक्टर अवजार घेऊन जातो.

आता एक गोष्ट जी ट्रॉलीच्या रचनेत नाही, वापरात आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात मजूर बायकांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला. सात जणी गेल्या. त्या हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या, सकाळी मजुरीला निघालेल्या. बातमी दोन दिवस चालली, मदत जाहीर झाली. पण त्या ट्रॉलीत का होत्या, हा प्रश्न कोणाला पडला नाही, कारण सगळीकडे बायका ट्रॉलीतच असतात. आपल्याकडे पहाटे कुठल्याही रस्त्याला उभे राहा. ट्रॉली मालासाठी आहे. तिच्यात बसलेल्या माणसांची विम्यात सोय नसते, धरायला काही नसते, ट्रॅक्टर उलटला तर उडी मारायला वाट नसते. आणि अवजारांच्या ट्रॉलीत तर बाई मळणी यंत्राच्या शेजारी, रोटाव्हेटरच्या पात्यांच्या वर बसलेली असते. आमच्या गटाचा नियम आहे: अवजार ट्रॉलीत असेल तेव्हा माणूस ट्रॉलीत नाही. मान्य करायला सोपा, पाळायला फार कठीण. शेत चार किलोमीटरवर, एसटी त्या वाटेने नाही, मग बायकांनी जायचे कसे? नियम करणाऱ्यांनी याचे उत्तर दिले पाहिजे, नाहीतर तो नियम म्हणजे बाईला चालायला लावण्याचा नवा प्रकार होतो.

कागदाबद्दल थोडक्यात. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी, नंबर वेगळा, विमा वेगळा. गावच्या वेल्डिंगवाल्याकडून स्वस्तात करून घेतलेल्या ट्रॉलीची नोंद करताना अडचणी येतात, म्हणून मान्यता असलेल्या कारखान्याचीच घ्यावी आणि बदल हवे असतील तर ते आधी, खरेदीच्या वेळी मागावेत. नोंद गटाच्या नावाने. अध्यक्षबाईच्या नवऱ्याच्या नावाने नाही, "सोयीसाठी" चालकाच्या नावानेही नाही. कृषी खात्याच्या यांत्रिकीकरणाच्या योजनेत स्त्री शेतकऱ्याला ५० टक्के अनुदान आणि इतरांना ४० टक्के, असा फरक ठेवलेला आहे. हेतू चांगला आहे. पण आमच्या भागात या दहा टक्क्यांसाठी बाईचा अंगठा घेतला जातो आणि ट्रॅक्टर कोणत्या रंगाचा आला हे तिला दारात उभा राहिल्यावर कळते. शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात गावोगाव बायकांच्या नावे जमिनी झाल्या, १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीने वाटा दिला. नाव लागणे ही लढाई मोठी होती. लागलेल्या नावाने काही ठरवणे ही पुढची आहे आणि ती अशाच बारीकसारीक ठिकाणी लढावी लागते, दांड्याला जॅक हवा की नको यावर.

आपल्यातल्याच काही मैत्रिणी विचारतात की यंत्रांनी बायकांचे काम जात असताना आपण यंत्राच्या ट्रॉलीची चर्चा काय करायची? त्यांचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. मळणी यंत्राने खळ्यावरची मजुरी नेली, तणनाशकाने खुरपण नेले, आणि जे यंत्र आले त्यावर पुरुष बसला. पण म्हणूनच यंत्र ज्या गटाच्या मालकीचे आहे त्याची वही बाईकडे असावी असे मला वाटते. सांगली जिल्ह्यातले किर्लोस्करवाडी आमच्याच पुणे-मिरज लोहमार्गावर आहे. १९१० साली वसलेल्या त्या गावातून लोखंडी नांगर महाराष्ट्रभर गेले आणि १९३० साली तिथूनच 'स्त्री' मासिक निघाले. नांगर आणि बाईचे मासिक एका आवारातून निघू शकत होते, तर बाईच्या मासिकात नांगराच्या ट्रॉलीविषयी एक लेख यायला हरकत नसावी.

आमची ट्रॉली बुटकी आली. जॅक दुकानदाराने "नंतर लावून देतो" म्हटले, आम्ही तो लागेपर्यंत ताबा घेतला नाही. यात नऊ दिवस गेले आणि दिराची कुरकुर ऐकावी लागली. उतरण मात्र सहा फुटांचीच मिळाली, ती वाढवून घ्यायची आहे. सध्या गटात वाद आहे तो भाड्याचा. अवजारासोबत जाणाऱ्या दोघींना वेगळ्या रिक्षाने जावे लागते. त्या रिक्षाचे पैसे भाड्याच्या दरात धरावेत असे मी आणि आणखी चौघी म्हणतो. बाकीच्यांना भीती वाटते की दर वाढला तर शेतकरी दुसऱ्या ट्रॅक्टरवाल्याला बोलावेल, जो बायकांना ट्रॉलीतच बसवून आणतो. भीती खरी आहे. या हंगामात दोन गिऱ्हाइके अशी गेली. तरी दर तोच ठेवून पैसे बायकांच्या मजुरीतून कापायला माझा विरोध आहे, आणि पुढच्या बैठकीत तो विषय मतदानाला टाकला आहे.